डबलसीटची स्प्रिंग, सिंगलसीटची लाथ: एका स्नोमोबिलच्या मागच्या सस्पेंशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

स्नोमोबिल म्हणजे पुढे स्की आणि मागे ट्रॅक, म्हणजे रबरी पट्टा, असलेलं बर्फावरचं वाहन. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा वरचा द्वीपकल्प म्हणजे स्नोमोबिलवाल्यांची पंढरी. त्याच्या उत्तर टोकाला किविनॉ म्हणून जमिनीची चिंचोळी पट्टी लेक सुपीरियरमध्ये घुसली आहे. तलावावरून येणारा ओला वारा तिथे बर्फ ओततो. 1978-79 च्या हिवाळ्यात तिथे 390.4 इंच, म्हणजे जवळजवळ दहा मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. डेट्रॉइटच्या उपनगरात राहणारी मंडळी मॅकिनॉ पूल ओलांडून, साधारण नऊ तास गाडी हाकून इथे येतात. अलीकडे त्यांत मराठी कुटुंबंही दिसतात. हे प्रकरण अशाच एका कुटुंबाच्या मशीनचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

मशीन जुनं घेतलेलं: 600 सीसी वर्गाचं टू-स्ट्रोक, 137 इंची ट्रॅक, मागे टॉर्शन, म्हणजे पिळ घेऊन भार पेलणाऱ्या, स्प्रिंगांची जोडी. आधीच्या मालकाचं वजन सुमारे 75 किलो आणि तो कायम एकटाच फिरायचा. नव्या मालकांचं वजन 104 किलो. हेल्मेट, बूट, जाड सूट आणि पाठपिशवी धरून 118. पत्नी मागे बसल्या की पोशाखासह आणखी 70 किलो. मागे बसण्यासाठी जास्तीची सीट आणि पाठटेक मालकांनी बसवून घेतली, पण सस्पेंशनला हात लावला नाही. गोंधळ तिथूनच सुरू झाला.

मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपवर पाच पायऱ्यांचं कडं असतं, ते अनेकांनी आकडी पान्याने फिरवलेलं असेल. स्नोमोबिलचं तत्त्व तेच, रचना वेगळी. ट्रॅकच्या आत दोन रेल असतात. त्यांना पुढचा आणि मागचा असे दोन आर्म धरून ठेवतात. हा सगळा सांगाडा म्हणजे स्किड. या मशीनवर मागच्या आर्मच्या वरच्या शाफ्टवर डावी-उजवी अशा दोन स्प्रिंगांची वेटोळी बसतात. आखूड पाय आर्मला अडकतो, लांब पाय खाली येऊन रेलवरच्या प्लास्टिकच्या कॅमवर टेकतो. कॅमला पाच पायऱ्या. भार पेलण्याचं काम स्प्रिंगांचं आणि त्यांची उसळी आवरण्याचं शॉकचं. ही विभागणी लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी चूक तिच्यातच आहे.

अडचण

तक्रारी तीन होत्या. शनिवारी दुपारपर्यंत हजारभर मशिनं जाऊन वाट उंचसखल झाली की मागचं सस्पेंशन तळाला आपटायचं, आणि तो दणका थेट मणक्यात जायचा. दोघं बसले की शेपूट खाली बसून हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडायचा. तिसरी तक्रार अशी की वळणावर हँडल फिरवलं तरी मशीन सरळच जाऊ पाहायचं. या तिसऱ्या तक्रारीसाठी मालकांनी आधीच स्कीखालची कार्बाइडची पाती बदलून घेतली होती. उपयोग शून्य. मागचं खूप बसलं की पुढचं हलकं होतं आणि स्कीवर दाबच राहत नाही. मग पाती कितीही धारदार असोत, चावणार कशाला?

मापं

पैसे खर्चण्याआधी बैठक मोजली. इंग्रजीत हिला सॅग म्हणतात. मागचा बंपर दोघांनी उचलून सस्पेंशन पूर्ण उघडू द्यायचं आणि जमिनीपासून बंपरवरच्या एका खुणेपर्यंत उंची घ्यायची. मग स्वाराने पूर्ण पोशाखात बसून दोन-तीनदा उसळायचं, नेहमीसारखं बसायचं आणि पुन्हा माप घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे बैठक. बुशिंगमधल्या घर्षणामुळे खालून वर येऊन थांबलेलं आणि वरून दाबून थांबलेलं माप सारखं येत नाही. 10 ते 15 मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून दोन्ही घेऊन सरासरी काढली. हे काम बर्फावर करावं. काँक्रीटवर ट्रॅकचं रबर चिकटतं आणि मशीन मोकळेपणी बसत नाही.

या मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे बैठक 50 ते 75 मिलिमीटर हवी. मिळाली ती अशी: एकटे मालक, कॅम तिसऱ्या पायरीवर, 99. एकटेच, कॅम पाचवीवर, 67. दोघं, कॅम पाचवीवर, 155.

मधला आकडा फसवा आहे. पाचव्या पायरीवर एकट्याची बैठक अगदी नियमात बसते, तरी दणके थांबले नव्हते. कॅम चढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, तिला फक्त आगाऊ ताण मिळतो. मशीन उंच उभं राहतं, पण पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला स्प्रिंगचा विरोध होता तेवढाच राहतो. 67 हा आकडा बघून कुणी म्हणेल की स्प्रिंग ठीक आहे. आणखी एक प्रश्न त्याच वेळी विचारायला हवा होता: मग आपटतं का? तो विचारला गेला नाही.

पर्याय

पाच गोष्टी समोर होत्या. काहीच न करता पाचव्या पायरीवर चालवणं हा पहिला, पण 155 च्या बैठकीवर दोघांनी फिरणं म्हणजे सस्पेंशनशिवाय फिरणंच. दुसरा, मागचा शॉक उघडून तेल, सील आणि गॅस नवा करणं. खर्च सुमारे 95 डॉलर. तिसरा, एक पायरी जाड स्प्रिंग. चौथा, दोन पायऱ्या जाड. पाचवा, मागचा पूर्ण स्किडच टूरिंग मशीनचा बसवणं. तो जुन्या मशीनच्या किमतीला शोभणारा नव्हता, लगेच बाद झाला.

तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायातलं अंतर दिसतं त्यापेक्षा फार मोठं आहे. मूळ तार 10.0 मिलिमीटर जाडीची. पुढची 10.5, त्यापुढची 11.2. कागदावर जेमतेम एका मिलिमीटरचा खेळ. पण वेटोळ्यांची संख्या आणि व्यास तोच असेल तर टॉर्शन स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 10.5 ला 10 ने भागून चौथा घात घेतला तर 1.22 येतो, म्हणजे 22 टक्के वाढ. 11.2 साठी हाच हिशोब 1.57 येतो, म्हणजे 57 टक्के. दुकानातल्या तक्त्यात या दोन ओळी एकाखाली एक असतात, त्यामुळे अंदाज चुकतो. काही कंपन्या चौकोनी तारही देतात. तिची बाजू गोल तारेच्या व्यासाइतकीच असली तरी ती सुमारे 70 टक्के जास्त कडक असते. गोल आणि चौकोनी तारांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

पहिला निर्णय

कार्यशाळेत मालकांना विचारलं गेलं, "डबलसीट फिरता का?" उत्तर आलं, "हो, आम्ही दोघंच जातो." त्यावरून तक्त्यातली दोघांची ओळ धरून 11.2 मिलिमीटरची जोडी मागवली. किंमत 190 डॉलर.

प्रश्न चुकीचा होता. दोघं जात असत हे खरं, पण पत्नी बहुतेक वेळ भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या मशीनवर असत. नंतर मैल मोजले तेव्हा आदल्या हंगामातल्या सुमारे 1,100 मैलांपैकी डबलसीट जेमतेम 200 भरले. माणूस आपल्या मशीनचा वापर सांगताना मनातला बेत सांगतो. विचारायचे ते मैल.

काम

काढण्या-बसवण्याचा क्रम सविस्तर देतो, कारण याच कामात बोटं आणि डोळे जातात.

कॅम आधी पहिल्या पायरीवर आणले. कॅम एकेक पायरी करतच फिरवायचा. पाचवीवरून उलटा झटकून पहिलीवर सोडला तर प्लास्टिक फुटतं किंवा प्लगपाना मनगट पिळतो. मग मशीनची शेपूट छपराच्या तुळईला ओढपट्ट्याने टांगली, ट्रॅक जमिनीपासून हातभर वर. टांगलं तरी खाली स्टँड हवाच. मागच्या ॲक्सलचा बोल्ट आणि दोन्ही ताण-बोल्ट सैल करून ट्रॅक ढिला केला.

पुढचा टप्पा लांब पाय कॅमवरून उतरवण्याचा. पहिल्या पायरीवरही स्प्रिंगमध्ये बराच ताण शिल्लक असतो. हुक असलेला दांडा वापरून, चष्मा लावून, पाय ज्या प्रतलात सुटेल त्यापासून तोंड बाजूला ठेवून तो उतरवला. पक्कड किंवा पेचकस घालून ढकलण्याचा मोह टाळावा. निसटलेला पाय बोटाचं हाड सहज मोडतो.

स्किड टनेलला, म्हणजे सीटखालच्या उलट्या नाळेसारख्या सांगाड्याला, चार बोल्टांनी धरलेला असतो, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. एका बाजूचा बोल्ट पूर्ण काढला की दुसऱ्या बाजूच्या बोल्टाबरोबर शाफ्टच गरागरा फिरतो आणि तो बोल्ट निघत नाही. म्हणून चारही बोल्ट आधी अर्धा-अर्धा फेरा सैल केले, मगच एकेक काढला. हे विसरून शाफ्ट पकडीत धरून ओरबाडलेले स्किड नेहमी बघायला मिळतात.

स्किड बाहेर आल्यावर वरचा शाफ्ट ओढून स्प्रिंगा काढल्या. वेटोळ्याच्या आत प्लास्टिकची बाही असते, तिच्यापैकी डावी तडकलेली निघाली. दोन्ही नव्या घातल्या. ही बाही क्षुल्लक वाटते, पण भार आल्यावर टॉर्शन स्प्रिंग आणखी गुंडाळली जाते आणि तिचा आतला व्यास कमी होतो. सात वेटोळी आणि 60 अंशांची पिळ धरली तर 60 मिलिमीटरचं वेटोळं सुमारे दीड मिलिमीटरने आवळतं. तडकलेली, फुगलेली बाही असेल तर ते तिच्यावर आवळून बसतं, कुरकुरतं आणि मोकळं हलत नाही.

जाड तारेचा दुसरा परिणाम रुंदीवर होतो. सात वेटोळ्यांची रुंदी 70 वरून 78 मिलिमीटरवर गेली. बाजूच्या भिंतीला घासत नाही ना, हे शाफ्ट कसण्याआधी हाताने फिरवून पाहिलं. लांब पाय कॅमच्या खाचेत पूर्ण बसतो का, तेही. खाचेवर टेकून राहिलेला जाड पाय पहिल्याच दणक्याला कॅमचा कान उडवतो.

डावी-उजवीची अदलाबदल होऊ नये म्हणून जुन्या स्प्रिंगांवर काढतानाच रंगाची खूण केली होती. भाराने स्प्रिंग गुंडाळली गेली पाहिजे, उलगडली जाता कामा नये. उलटी घातली तर काही मशिनांवर ती बसलेली दिसते, पण लवकर मोडते.

परत बसवताना पुढच्या आर्मची भोकं जुळत नव्हती, कारण मधला शॉक आर्मला ताणून धरतो. स्किडभोवती ओढपट्टा गुंडाळून तो दाबला, पुढचे दोन बोल्ट आधी बसवले, मग मागचे. बोल्ट नवे, आट्यांवर ते सैल होऊ न देणारं निळं लॉकटाइट, कसण्याचं बळ पुस्तिकेप्रमाणे. शेवटी ट्रॅकचा ताण: मध्यभागी 7.3 किलोच्या ओढीला 30 ते 35 मिलिमीटर झोळ.

हे सगळं व्यवस्थित झालं. पण स्किड टेबलावर उघडा पडलेला असताना मागचा शॉक काढून हाताने दाबून पाहिला नाही. दोन बोल्टांचं, दहा मिनिटांचं काम होतं.

काय चुकलं

डबलसीटवर नवी स्प्रिंग छान बसली. कॅम तिसऱ्या पायरीवर, बैठक 63. हेडलाइट वाटेवर आला, वळणावर मशीन ऐकू लागलं.

एकट्याला मात्र कॅम पहिल्या पायरीवर असूनही बैठक फक्त 39. त्याखाली पायरीच नाही. पहिल्याच सकाळी, रात्री ग्रूमरने गुळगुळीत केलेल्या वाटेवर ते जाणवलं नाही. दुपारी ताशी 45 मैलांवर खड्ड्यांची रांग लागली तेव्हा मागचं प्रत्येक उंचवट्यावर लाथ मारल्यासारखं उसळू लागलं. मालक दोनदा सीटवरून सुटून हँडलकडे फेकले गेले. शिवाय हँडल जड झालं. मागचं उंच राहिल्याने वजन स्कीवर गेलं, आणि नवी पाती आता गरजेपेक्षा जास्त चावत होती.

यावर लिमिटर पट्टा, म्हणजे पुढच्या आर्मला ठरावीकपेक्षा खाली जाऊ न देणारा पट्टा, सैल करून पुढचा आर्म खाली सोडायचा सल्ला त्यांना वाटेत कुणीतरी दिला. स्कीवरचा दाब त्याने कमी होतो हे खरं, पण लाथ थांबत नाही. रोगाच्या जागी लक्षणावर पट्टी. तो केला नाही, हे बरं झालं. नाहीतर फिरवलेल्या गोष्टी तीन झाल्या असत्या आणि कशाने काय बदललं ते सांगता आलं नसतं.

दुसरा निर्णय

स्किड पुन्हा उतरवला. या वेळी शॉक बाहेर काढला. दांड्याभोवती तेलाचा ओला मळ, सील गेलेलं. उभा धरून दाबला तर सुरुवातीला बोटभर अंतर काहीच विरोध नाही, आणि सोडल्यावर दांडा सावकाश बाहेर यायला हवा तो आलाच नाही. आतला नायट्रोजन निघून गेला होता.

म्हणजे आधीच्या मालकाच्या 75 किलोखाली झाकलेला मेलेला शॉक नव्या मालकांच्या वजनाखाली उघडा पडला होता. तळाला आपटण्यात त्याचा वाटा मोठा असणार. आणि 57 टक्के कडक स्प्रिंगेची परतीची उसळी आवरायला तर तिथे कुणीच नव्हतं. शॉक धडधाकट असता तरी तो मूळ स्प्रिंगेसाठी जुळवलेला. भार तोच ठेवून स्प्रिंग कडक केली तर उसळी तितक्याच प्रमाणात आवरायला शॉकचा जोर कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढवावा लागतो: 22 टक्क्यांसाठी साधारण 10, 57 टक्क्यांसाठी 25. दहा टक्के कमी-जास्त नव्या तेलाच्या, ताज्या गॅसच्या शॉकला निभावतात. पंचवीससाठी आतल्या, तेलाचा प्रवाह अडवणाऱ्या चकत्यांची रचना बदलावी लागते.

आता पर्याय दोन. 11.2 ठेवून शॉकची अंतर्गत रचना बदलणं, किंवा 10.5 वर येऊन शॉक फक्त नवा करणं. मैलांचा हिशोब तोवर हातात होता, 900 एकट्याचे आणि 200 दोघांचे. 10.5 ची जोडी 170 डॉलरला घेतली आणि शॉक 95 डॉलरमध्ये उघडून भरून घेतला.

निकाल

एकटे, कॅम दुसऱ्या पायरीवर: बैठक 70. तिसरीवर 54. मालकांनी दुसरी पसंत केली. जुन्या स्प्रिंगेवर पाचव्या पायरीला 67 होती, म्हणजे उभं राहण्याची उंची जवळपास तीच, पण आता ती आगाऊ ताणाच्या जोरावर नव्हती. वर चढायला तीन पायऱ्या शिल्लक होत्या. त्याच वाटेवर, शनिवारी दुपारी, आपटणं दिवसातून एखाद-दोनदा एवढ्यावर आलं. एकही आपटा नसेल तर सस्पेंशन गरजेपेक्षा कडक आहे असं समजावं. प्रवास दिला आहे तो वापरण्यासाठीच.

दोघं, कॅम पाचवीवर: 95. पुस्तिकेच्या मर्यादेबाहेर 20 मिलिमीटर. ही तडजोड मालकांना आधी आकड्यांसकट सांगितली होती. डबलसीट असताना वेग ताशी 30 ते 35 मैलांवर ठेवणं, हेडलाइट खाली करणं आणि मागच्या पेटीतलं पेट्रोलचं डबडं काढणं, एवढ्यावर ती चालवून घेतली. दर वेळी कॅम दुसरीवरून पाचवीवर नेणं म्हणजे दोन्ही बाजू मिळून पाच मिनिटांचं काम. दोन्ही बाजू एकाच पायरीवर हव्यात, नाहीतर मशीन एका अंगाला कलतं.

शंभर मैलांनंतर पुन्हा मोजली तेव्हा एकट्याची बैठक 74 भरली. नवी स्प्रिंग थोडी बसतेच. त्यामुळे पहिल्या दिवशी माप बरोबर वरच्या टोकाला लावून घेऊ नये.

वेगळं काय करता आलं असतं

एकूण खर्च 455 डॉलर, बाह्या, बोल्ट आणि मजुरी वेगळी. त्यातले 190 आणि एक पूर्ण उतरवणं वाया गेलं.

सर्वांत मोठी चूक क्रमाची. शॉक आधी उघडला असता, मूळ स्प्रिंगेवरच 95 डॉलर खर्चून एक शनिवार चालवून पाहिलं असतं, तर एकट्याच्या 900 मैलांसाठी कदाचित दुसरं काही लागलंही नसतं. आता ते कळायला मार्ग नाही, कारण दुसऱ्या वेळी स्प्रिंग आणि शॉक एकदम बदलले. सुधारणा किती कशामुळे झाली हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. हंगाम आठ-दहा आठवड्यांचा, मशीन नऊ तास दूर, मालकांना तिसऱ्यांदा स्किड उतरवायचा नव्हता. त्यांचंही चूक नाही.

67 चा आकडा आला तेव्हाच थांबायला हवं होतं. बैठक नियमात आणि तरी आपटतं, यातून संशय आधी शॉकवर जायला हवा. शॉकच्या दांड्यावरचा तेलाचा मळ ट्रॅकच्या फटीतून टॉर्च मारूनही दिसला असता.

जोडी मागवण्याआधी जुन्या स्प्रिंगेवर मोजलेल्या तीन बैठकींतून नव्या स्प्रिंगेचा अंदाज कागदावर काढता येतो. दोन पायऱ्यांच्या बैठकींतला फरक, वजनातला फरक आणि मागच्या भागावर येणारा एकूण भार हातात असला की मागच्या भागाचा कडकपणा आणि दर पायरीचा आगाऊ ताण निघतो, दोन्हींना 1.22 किंवा 1.57 ने गुणलं की झालं. हा हिशोब नंतर करून पाहिला तेव्हा 11.2 वर एकट्याची बैठक चाळिशीच्या आत येणार हे स्पष्ट दिसत होतं. वीस मिनिटांचं गणित होतं.

11.2 ची जोडी, आता शंभर मैल वापरलेली, दुकानाने परत घेतली नाही. डबी आणि बाह्यांसकट ती गॅरेजच्या खिळ्यावर टांगली आहे. मुलगा दोन वर्षांनी मशीन चालवण्याच्या वयात येईल आणि पत्नी कायमच्या मागच्या सीटवर येतील, असा मालकांचा बेत आहे. तेव्हा ती चढवायची झाली तर आधी शॉकच्या चकत्या बदलून घ्याव्या लागतील, एवढं डबीवर मार्करने लिहून ठेवलं आहे.